कपाळाला हूक असलेलं घर

"मुक्कामाची जागा मी निवडणार," एवढंच मी बोललो होतो. माणूस घरात बसून दिवसभर काय काय बोलतो. त्यातलं एक वाक्य त्याला परदेशात नेऊन दोरीला टांगेल, असं कोणाला वाटतं? मला तरी वाटलं नव्हतं.

मी सहादू. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात खलाशी होतो. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं. आमचं जहाज नाही आणि समुद्रही नाही. जड वस्तू दोर-पुलीनं उचलायची आणि साहेब सांगेल तिथं ठेवायची, हे आमचं काम. मोटरी उचलल्या, पाइप उचलले, एकदा तर साहेबाची तिजोरी उचलली. (साहेब तेवढा उचलायचा राहिला.) शाळा चौथीपर्यंत. पुढं मास्तरला माझा कंटाळा आला आणि मला मास्तरचा. रिटायर झाल्यापासून नाशिकला जेलरोडवर राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं काय चुकलं ते सांगतो. कोणी विचारत नाही, पण विचारायची वाट बघितली तर माणूस मुका मरेल.

आमची लेक सरिता. जावई ललित कॉम्प्युटरमधला. आधी पुण्याला होते, मग कंपनीनं त्यांना आमस्टरडॅमला पाठवलं. ही गोष्ट दोन हजार सहाची. सरिताचा फोन आला, "बाबा, उन्हाळ्यात आईला घेऊन इकडे या. पुंजामामालाही आणा."

पुंजा म्हणजे माझा मेव्हणा, दिंडोरीचा द्राक्षवाला. तो लगेच तयार. म्हणाला, "दाजी, माझी द्राक्षं दरसाल हॉलंडला जातात आणि मी अजून शिर्डीच्या पुढं गेलो नाय. मालाला व्हिसा आणि मालकाला नाय, हा कुठला न्याय?"

मी म्हणालो, "येतो. पण लेकीच्या घरी उतरणार नाही."

आमच्यात रीत आहे. लेकीला मूलबाळ होत नाही तोवर बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पुण्याला तिच्या घरी गेलो होतो तेव्हा मी पाण्याची बाटली बरोबर नेली होती. तिनं वाढलेलं ताट तिनं तसंच परत आत नेलं. त्या गोष्टीवर ती बोलायला लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. घरच तिचं असलं तर जिन्यात जाऊन बसतो.

फोनवर ती म्हणाली, "बाबा, पाच वर्षांत माझ्या घरी एक घास तरी खाल्लात का?"

"तू नाशिकला येतेस तेव्हा तुझ्याच हातचं खातो की."

"ते तुमचं घर झालं. माझ्या घरी कधी?"

मी फोन लंकाबाईकडं दिला. लंकाबाई म्हणजे आमची मंडळी. तिला रीतभात माझ्यापेक्षा जास्त कळते आणि म्हणून ती पाळत नाही. फोन ठेवून म्हणाली, "अहो, तिच्या घरी काय आड हाय? नळ हाय. नळ नगरपालिकेचा. नगरपालिका काय तुमची लेक हाय का?"

"नळ नगरपालिकेचा, पेला जावयाचा," मी म्हणालो. "मुक्कामाची वेगळी जागा बघायची. आणि ती मी निवडणार."

झालं. बोलून गेलो.

सरिता माझीच लेक. तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "ठीक आहे, मी जागांचे फोटो पाठवते. तुमची अट काय?" मी सांगितलं: चूल वेगळी, नळ वेगळा, दार वेगळं.

बिटको चौकाजवळ सुनीलचा सायबर कॅफे होता. तिथं आम्ही तिघं एका टेबलाभोवती बसलो. मी मधल्या खुर्चीवर, कारण निवडणारा मी.

पहिला फोटो हॉटेलचा. पांढऱ्या चादरी, त्यावर टॉवेलचा केलेला हंस.

"चूल कुठं?" मी विचारलं.

"काका, हॉटेलात चूल नसते. खाली जेवण मिळतं," सुनील म्हणाला.

"भाकरी?"

"पाव मिळत असेल."

"आजारी माणसानं पाव खायचा. पुढं चल."

दुसरा फोटो पाण्यावरच्या घराचा. होडीच होती, पण तिला खिडक्या, पडदे आणि वर कुंड्यांत फुलं. लंकाबाईला लय आवडली. मी म्हणालो, "रात्री दोर सुटला तर सकाळी कुठल्या देशात उठायचं?" पुंजा म्हणाला, "दाजी, व्हिसा तेवढ्याच देशाचा हाय." होडी गेली.

तिसऱ्यात एकावर एक पलंग. मी म्हणालो, रेल्वेत काय कमी झोपलो, की विमानाचं भाडं भरून परत बर्थवर झोपू?

चौथा फोटो उघडेना. त्या वेळचं इंटरनेट म्हणजे चित्र वरून खाली, दोन बोटं, चार बोटं, असं उतरायचं. आधी आभाळ आलं. मग घराचं टोकदार कपाळ आलं. आणि त्या कपाळातून बाहेर आलेला एक जाड वासा आला, आणि वाशाच्या टोकाला हूक.

मी उठून उभा राहिलो.

"काय झालं हो?" लंकाबाई घाबरली.

"हूक," मी म्हणालो. "घराला हूक हाय."

सुनीलनं दुसरे फोटो उघडले. त्या गल्लीतल्या प्रत्येक घराला हूक. अरुंद, उंच घरं, खांद्याला खांदा लावून उभी, आणि बाईनं कुंकू लावावं तसा प्रत्येकाच्या कपाळाला एक हूक. सुनीलनं खालचं इंग्रजी वाचून सांगितलं, "काका, तिथले जिने इतके अरुंद की सामान जात नाही. म्हणून कपाट, पलंग सगळं बाहेरून दोरीनं चढवतात, खिडकीतून आत घेतात. शेकडो वर्षांपासून."

मला बोलता येईना. (हे पुंजानं नंतर दिंडोरीत सगळ्यांना सांगितलं.) आयुष्यभर मी वजनं उचलली. कधी कोणी घर बांधताना, वीजकेंद्र बांधताना म्हणालं का, की बाबा, इथं खलाशी येणार, त्याला दोर अडकवायला जागा ठेवा? आम्ही आपले कुठं गर्डरला, कुठं खिडकीच्या चौकटीला, कुठं देवाच्या नावाला दोर बांधून उचलायचो. आणि इथं अख्खं शहर खलाशाला विचारून बांधलेलं!

"हेच घर," मी म्हणालो. "चूल बघितली नाय तरी चालंल."

तिथूनच सरिताला फोन लावला. ती हसू दाबत म्हणाली, "बाबा, नक्की हेच?"

"हेच."

"अहो, त्या घरात दुसऱ्या मजल्यावर आम्हीच राहतो. तुमची जागा आमच्या वर, माळ्यावर. मालकीणबाई तळमजल्याला असतात, त्या माळा पाहुण्यांना देतात."

सुनीलनं फोन स्पीकरवर टाकला होता. पुंजानं मांडीवर थाप मारली. "झालं! आले का दाजी एका छपराखाली!"

आता चारचौघांत निवडलेली जागा परत कशी करायची? मी डोळे मिटले. डोकं चालवलं. (असं फार वेळा करत नाही, त्रास होतो.)

"छप्पर कुठं असतं?" मी विचारलं. "माळ्यावर. माळ्यात कोण? मी. तिच्या डोक्यावर छप्पर नाय, माझी फरशी हाय. म्हणजे मी तिच्या छपराखाली नाय. ती माझ्या फरशीखाली."

सुनील म्हणाला, "काका, तुम्ही वकील व्हायचं."

"चौथीत अडकलो."

फोनमधून सरिता म्हणाली, "बरं बाबा. चूल वेगळी, नळ वेगळा, दार वेगळं. जिना मात्र एकच आहे."

"जिना सार्वजनिक असतो," मी निकाल दिला.

जूनमध्ये गेलो. विमानाचं काही सांगत नाही, विमानात माझं काही चुकलं नाही. पण ते शहर! मी कशालाही चांगलं म्हणत नाही. रामकुंडावर कोणी काशीचं कौतुक केलं तर मी तिथल्या गर्दीचं सांगतो. पण तिथं माझं तोंड उघडं ते उघडंच. रस्त्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी भरलेलं आणि तरी कोणाच्या घरात शिरत नाही. जमीन समुद्राच्या खाली, असं ललित म्हणाला, म्हणजे समुद्र वर उभा आहे आणि ही माणसं खाली सायकल चालवतायत. साहेब सायकलवर, साहेबीण सायकलवर, पुढच्या पेटीत तीन पोरं आणि एक कुत्रा. कोणी हॉर्न वाजवत नाही. मी दोनदा "ए, दिसत नाय का?" म्हणून ओरडलो तर ते हात हलवून हसले. भांडायलाही जागा नाही अशी माणसं.

आणि घरं. घरं पुढं झुकलेली! मी ललितला म्हणालो, "पाव्हणं, पडायला आलीत."

"नाही मामा, मुद्दाम झुकती बांधलीत. चढवताना सामान भिंतीला घासू नये म्हणून."

मी फुटपाथवर थांबलो. टोपी काढली. कोणाला नमस्कार करायचा ते कळेना, म्हणून घरालाच केला. लंकाबाई पुंजाला म्हणाली, "देवळात वाकत नाय हा माणूस."

दार उघडलं आणि समोर जिना. त्याला जिना म्हणायचं ते आपली पद्धत म्हणून. माळ्याची शिडी भिंतीला टेकवून तिला गालिचा घातलेला. लंकाबाईनं मान वर केली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि बाहेर येऊन आपल्या पिशवीवर बसली.

"मी इथंच राहते. पाणी हाय, झाड हाय, माणसं चांगली हायेत."

"आई, हळूहळू चढ. मी मागून धरते," सरिता म्हणाली.

"अगं, तू मला धरशील, तुला कोण धरंल?"

मी वर हुकाकडं बघितलं. हूक माझ्याकडं बघत होता.

"लंके," मी म्हणालो, "तुला मी चढवतो. खुर्चीत बसून, महाराणीसारखी."

सरिता किंचाळली. ललित म्हणाला, "मामा, माणसांना नाही चढवत." पण मालकीणबाई बाहेर आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच कपाळाला आठी घातलेल्या. मी हातानं दोर ओढून दाखवला. त्यांना वाटलं, आमच्या बॅगा चढवायच्या असतील. त्यांनी तळघरातून जाड दोर आणि लाकडी पुली आणून दिली. पुली हातात घेतली आणि मला वाटलं, सासरी आलेल्या माणसाला माहेरचं कोणीतरी भेटलं.

जिन्यानं माळ्यावर गेलो, खिडकीतून पुली हुकात अडकवली, दोर सोडला, आणि खाली आलो. मालकीणबाईंची हाताची खुर्ची चार बाजूंनी बांधली. "बस, लंके."

लंकाबाई म्हणाली, "आधी तुम्ही जाऊन दाखवा."

आता तुम्ही म्हणाल, सहादू, तू नुकताच पायानं वर जाऊन आला होतास, वर जाण्यासाठी खाली कशाला आलास? हे मला त्या वेळी कोणीही विचारलं नाही. सगळे फक्त बघत होते. मी खुर्चीत बसलो. पुंजानं आणि ललितनं दोर धरला. मी ओरडलो, "होऽऽ हैय्या!" आणि खुर्ची जमिनीवरून सुटली.

आयुष्यभर मी खाली उभा राहून वस्तू वर जाताना बघितल्या. वस्तूला काय दिसतं ते पहिल्यांदा कळलं. पाणी खाली गेलं, पूल वाकून छोटे झाले, झाडांचे शेंडे पायाशी आले, आणि शेंड्यांच्या वर सगळं शहर लाल कौलांचं, मधेमधे पाण्याच्या चकाकत्या रेघा, आणि नजर जाईल तिथवर हूकच हूक. खालून लंकाबाई विचारत होती, "अहो, बरं हाय ना?" काय सांगणार? बरं हा शब्द तिथं पुरत नव्हता.

आणि तेवढ्यात खुर्ची थांबली.

"ओढा की!"

"मामा, हात सोलले!" खालून ललितचा आवाज. कॉम्प्युटरचे हात, बटणं दाबायची सवय. त्यानं दोर सोडला. माझं सगळं वजन पुंजावर आलं, खुर्ची सर्रकन मजलाभर खाली उतरली, आणि पुंजानं घाबरून पाण्याच्या कडेला असलेल्या लोखंडी कठड्याला दोर गुंडाळून गाठ मारली.

"कुठली गाठ मारली रे?" मी वरून ओरडलो.

"मांडवाची!"

मी डोळे मिटले. द्राक्षाच्या मांडवाची गाठ. वजन पडलं की आवळत जाते. घड भरले की आणखी आवळते. ती सुटत नाही, ती कोयत्यानं तोडतात.

"सोड ती!"

"सुटत नाय दाजी! तोडू का?"

"तोडू नको, मुर्खा! मी घड हाय का?"

खाली माणसं जमली. सायकली थांबल्या. मालकीणबाई फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या, बोलताना वर बघत होत्या, आणि त्यांची आठी गेली होती. मी हळूहळू गोल फिरत होतो. एकदा शहर दिसायचं, एकदा भिंत. तिसऱ्या फेरीला भिंतीतली खिडकी उघडली आणि तिच्यात सरिता उभी.

मी तिच्याच मजल्यासमोर अडकलो होतो. आत तिचं स्वयंपाकघर. टेबलावर ताटं मांडलेली. पिठल्याचा वास. मला घाम आला होता, घसा कोरडा पडला होता. तिनं पाण्याचा तांब्या भरला, खिडकीतून हात लांब केला. मी विचार केला: घर आत, मी बाहेर. मधल्या हवेतलं पाणी कोणाच्याच घरचं नाही. मी हात पुढं केला.

तिनं तांब्या मागं घेतला.

"आत येऊन प्यायचं," ती म्हणाली.

"सरे, मी टांगलोय."

"म्हणून तर बोलते. एरवी तुम्ही उठून जाता. आता कुठं जाल?"

खरंच कुठं जाणार होतो? मी अर्धी गिरकी घेऊन तिच्याकडं पाठ केली, पण दोरानं मला परत तोंडासमोर आणलं.

"बाबा, आम्हाला मूल नकोय," सरिता म्हणाली. "आम्ही दोघांनी ठरवलंय. आईला माहितीय. आता तुमच्या रितीनं मोजा. तुम्ही माझ्या घरी कधी जेवणार?"

मला ओरडायचं होतं. पण पायाखाली जमीन नसताना माणसाचा आवाज चढत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "कधीच नाय असं होईल मग."

"हो. कधीच नाही." तिचे डोळे भरले होते, पण तांब्या आतच होता. माझीच लेक.

तेवढ्यात लाल गाडी आली. तिची शिडी आपोआप लांब होत होत माझ्यापर्यंत आली, आणि टोकाला टोपी घातलेला उंच गोरा माणूस. रागावला नाही, ओरडला नाही. आधी पुलीकडं बघितलं, मग खुर्चीचं बांधकाम बघितलं आणि मान हलवून अंगठा वर केला. (वीजकेंद्रात इतक्या वर्षांत असा अंगठा मला कोणी दाखवला नव्हता.) त्यानं माझ्या कमरेला पट्टा बांधला आणि सरिताला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतायत, कुठं न्यायचं? खाली रस्त्यावर, वर तुमच्या माळ्यावर, की इथं आत?"

ती ये म्हणाली नाही. हातही पुढं केला नाही. नुसती बाजूला सरकली, खिडकी मोकळी करून.

तो गोरा माणूस माझ्याकडं बघत होता. खाली रस्ता होता, वर मीच निवडलेला माळा होता. माझ्या बापानं लेकीच्या घरचं पाणी घेतलं नाही, आज्यानं घेतलं नाही. पण त्या दोघांना शिडीच्या टोकावर कोणी विचारलंही नव्हतं.

मी बोट आत दाखवलं.

पाय आधी, मग मी, मग टोपी, असा मी लेकीच्या घरात शिरलो. पाच वर्षं ती दारात वाट बघत होती आणि मी आलो खिडकीतून. तिनं तांब्या दिला. मी उभ्यानं सगळा संपवला. पाणी कुठल्याही नळाचं असतं तसंच होतं आणि तसं नव्हतंही.

मागं वळून बघतो तर लंकाबाई ओट्याशी भाकरी थापतेय.

"तू कशी आलीस?"

"जिन्यावर उलटी बसले आन् एक एक पायरी मागं सरकत आले. तुम्ही गोल फिरत होता ना, तेव्हा."

मग पुंजा आला, ललित हाताला मलम लावून आला, मालकीणबाई खुर्ची परत घ्यायला आल्या त्याही बसल्या. मी जेवलो. पिठलं, भाकरी, ठेचा. तिसरी भाकरी मागितली तेव्हा सरितानं पाठ फिरवली आणि शेगडीवर नसलेलं काहीतरी हलवत राहिली. ललित माझ्याकडं असा बघत होता, जसा मी त्या शहराकडं बघत होतो.

हात धुतले. असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो आणि त्या वेळी काहीतरी मोठं बोलावं लागतं. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, "सरे, गेली ती रीत. आजपासून माझा मुक्काम इथंच, तुझ्या घरात!"

मला वाटलं, ती गळ्यात पडेल. तिनं ललितकडं बघितलं. ललितनं सोफ्याकडं बघितलं, तिथं पुंजानं अंग टाकलंच होतं. लंकाबाईनं खालमानेनं ताटं गोळा करायला घेतली.

"बाबा," सरिता अगदी हळू म्हणाली, "मी जेवायला या म्हणाले होते हो. झोपायला नाही. तुम्ही किती घोरता!"

आणि लंकाबाईनं माझ्या हातात उशी देऊन वर माळ्याकडं बोट दाखवलं.